जरीपटक्यात उणे चाळीस

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी, इंदोरा चौकात आमच्या बाबांची गाडी बंद पडली. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे मुलांचा. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात आणि खाऊ-पैसे गोळा करतात. माझा भाचाही मागच्या सीटवर आपला बैल मांडीवर घेऊन बसला होता. बैलाच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, अंगावर आजीने शिवलेली झूल. गाडी थांबली, पुन्हा सुरू होईना, मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला, तेव्हा तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “मावशी, माझा बैल जुंपू का पुढे?”

चार पोरांनी ढकलून गाडी कडेला लावली. पेट्रोलचा उग्र वास येत होता. मघाशी आरशात मागे काळा धूर दिसला होता, तो आमचाच होता हे आता कळले. समोरच्या पाटीवर एंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला होता, आणि किल्ली फिरवली की पुढचा पंखा एंजिन सुरू नसतानाही घरघर फिरत होता. अर्ध्या तासाने गाडी आपणहून सुरू झाली, रुसलेल्या माणसाने काही न बोलता जेवायला येऊन बसावे तशी.

मी मराठीची प्राध्यापिका. अलंकार, वृत्ते, संतांचे अभंग यांत माझी वीस वर्षे गेली. बोनेटखाली काय असते, हे त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नसल्याचे दुःखही नव्हते. पुढे दीड महिना मी त्यात गुंतले, याचे कारण गाडी नव्हे, बाबा.

गाडी २००७ सालची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी ती रोख पैसे मोजून घेतली. मी गाडी चालवायला शिकले ती हिच्यावरच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांनी स्वतः चालवणे सोडले. आता मी चालवते आणि ते शेजारी बसून गियर कधी बदलायचा ते सांगतात. दर पंधरा दिवसांनी आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी धंतोलीत न्यावे लागते. २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पुरी झाली तेव्हा पाच हजार रुपये शुल्क भरून, तपासणी करवून, आणखी पाच वर्षांची नोंदणी त्यांनी मिळवली. तो कागद त्यांनी देवघराच्या खणात ठेवला आहे, माझ्या एम.ए.च्या प्रमाणपत्राच्या वर.

आणि त्यांची एक वही आहे. टाकी भरली की किलोमीटर, लिटर आणि खाली भागाकार. हिशेब खात्याचा माणूस; अक्षर मोत्यासारखे आणि दशांशचिन्हापुढे एकच आकडा. त्या वहीला घरात आम्ही सगळेच हसत असू.

गाडी घरी आल्यावर मी म्हटले, “बाबा, आता हिला काढून टाकू. भंगारात द्यायची योजना आहे, नाहीतर कोणी घेईल. तुम्हा दोघांना मी टॅक्सीने नेत जाईन.”

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. लहान मुलांचे बैल गल्लीतून खडखडत चालले होते. ते म्हणाले, “पोळ्याच्या पाठीवर म्हातारा बैल विकायचा म्हणतेस?”

मग मी तो विषय काढला नाही.

गाडी एका गॅरेजात नेली. कोणत्या, ते राहू द्या. लोक वाईट नव्हते, आणि त्यांच्यासारखेच शंभरातले नव्वद जण वागले असते. त्यांनी एक यंत्र गाडीला जोडले, त्याच्या पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक आला, त्याचा कागद छापून माझ्या हाती दिला आणि सांगितले, “मॅडम, टेम्परेचर सेन्सर गेला.” मी आपली मनातल्या मनात ‘संवेदक’ असे भाषांतर केले आणि पैसे दिले. नवा सेन्सर बसला. दिवा विझला. दोन दिवस गाडी गुणी मुलीसारखी वागली. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मग त्यांनी स्पार्क प्लग काढून दाखवले. चुलीतल्या लाकडांसारखे काळे झाले होते. ते बदलले. आठवडाभराने पुन्हा दिवा. आता मात्र गॅरेजच्या मालकाने आवाज खाली आणला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तसे सांगितले, “कॉम्प्युटर गेला आहे. बावीस हजार लागतील. एवढ्या जुन्या गाडीत घालायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.”

गाडीत कॉम्प्युटर कुठून आला, असे माझ्या आईने विचारले, आणि तो प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पूर्वीच्या गाड्यांत कार्बोरेटर असे. हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप खेचले जाई, कमी-जास्त झाले तर मिस्त्री कान लावून एक स्क्रू पिळी. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नियम कडक होऊ लागले आणि एकेका गाडीतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आले, आणि ते मोजायचे कोणी, तर एका डबीतल्या कॉम्प्युटरने. हा बिचारा डबीत कोंडलेला. एंजिन गरम आहे की थंड, हवा किती आली, पाय किती दाबला, हे त्याला स्वतःला दिसत नाही. ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर तारांवाटे कळवतील ते त्याने खरे मानायचे आणि त्याप्रमाणे पेट्रोल सोडायचे. आंधळ्या धृतराष्ट्राला संजय सांगतो, तसेच हे. गॅरेजवाल्यांनी आधी संजय बदलला होता. आता धृतराष्ट्र बदलायला निघाले होते.

त्या रात्री बाबा म्हणाले, “जरीपटक्यात तो रेडिओवाला होता ना, त्याचा मुलगा आता गाड्यांची वायरिंग करतो म्हणे.”

आम्ही राहतो जरीपटक्यातच. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण; वस्तीचे नाव ऐकून कोणाला वाटावे, इथे घरोघरी ढाली-तलवारी असतील. प्रत्यक्षात १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे इथे येऊन वसली, आणि मराठ्यांच्या झेंड्याच्या नावाखाली सिंध्यांची बाजारपेठ उभी राहिली. कापड, भांडी, विजेचे सामान, आणि रविवारी सकाळी दाल-पकवान. त्या पकवानाच्या गाडीमागे एक पत्र्याचे दुकान आहे. बाहेर पाटी नाही. आत भिंतीवर झुलेलालची तसबीर, तिच्याखाली जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे लाकडी खोके, आणि सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ, कपाळावर चष्मा चढवलेले. त्यांचे वडील सिंधमधून आले ते रेडिओ दुरुस्तीची विद्या घेऊन. आमच्या घरचा रेडिओ त्यांच्याकडेच जात असे, हे बाबांनी सांगताच चहा आला.

मी कॉम्प्युटर, बावीस हजार वगैरे सांगू लागले. त्यांनी हात वर केला. “ते नंतर पाहू जी. आधी हे सांगा, पेट्रोल कधीपासून जास्त पिऊन राहिली?”

मला काय ठाऊक? पण बाबांनी खिशातून वही काढली. मे अखेर: १५.८. जूनच्या शेवटी: १५.१. जुलै: १३.२. ऑगस्ट: ११.४. दिवा लागला तो त्यानंतर, तान्ह्या पोळ्याला.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वही पुन्हा वाचली. “दिवा लागायच्या दोन महिने आधीपासून गाडी आजारी होती,” ते म्हणाले. “एकदम नाही मेली. हळूहळू. सेन्सर बहुतेक एकदम मरते. हळूहळू मरते ती तार.”

मग त्यांनी गॅरेजचा तो कागद मागितला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते: ‘पी ०११८, एंजिन कूलंट टेम्परेचर सर्किट हाय इनपुट’. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. “मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता. यात ‘सेन्सर’ कुठं लिहिलं आहे?”

कुठेच नव्हते. लिहिले होते ‘सर्किट’. म्हणजे कॉम्प्युटरपासून निघणारी तार, तिचा कपलर, सेन्सर, परतीची तार, आणि ती जिथे मिळते ती जागा, हे सगळे वर्तुळ. कुठेतरी या फेऱ्यात बिघाड आहे, एवढेच यंत्राने सांगितले होते. ‘सेन्सर’ हा शब्द आम्ही अध्याहृत धरला! वर्गात मुलांनी पद्यातला शब्द पदरचा घातला तर मी गुण कापते. इथे मी दोन हजारांवर रुपये दिले होते.

त्यांच्याजवळ एक छोटे यंत्र होते. ते जोडून त्यांनी एंजिनच्या पाण्याचे तापमान पडद्यावर आणले. सप्टेंबरातली ती नागपूरची उकाड्याची दुपार. आम्ही पदराने वारा घेत होतो. पडद्यावर आकडा होता, उणे चाळीस.

“ही गाडी आता जरीपटक्यात नाही जी,” मिस्त्री म्हणाले. “हिमालयात आहे.”

ही गंमत वाचकांना नीट सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. तापमानाचा सेन्सर म्हणजे एक मणी. गरम झाला की विजेला त्याचा विरोध कमी होतो, थंड झाला की वाढतो. बहुतेक गाड्यांत साधारण वीस अंशांना हा विरोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, आणि एंजिन तापून ऐंशी-नव्वद अंशांवर गेले की दोन-तीनशेवर येतो. कॉम्प्युटर या तारेवर पाच व्होल्ट धरून बसतो. मणी गरम असला तर दाब उतरतो. थंड असला तर चढा राहतो. कागदावरचे ‘हाय इनपुट’ ते हेच. आता तारच तुटली तर? दाब उतरायला वाटच नाही, पुरे पाच व्होल्ट तसेच्या तसे. कॉम्प्युटरच्या कोष्टकात याचा अर्थ एकच: भयंकर थंडी. म्हणून तो थंड एंजिनाला द्यावे तसे पेट्रोल ओततो. प्लग काजळतात, धूर निघतो, गरम गाडी पुन्हा सुरू होत नाही. थोड्या वेळाने त्याच्याही लक्षात येते, की नागपुरात उणे चाळीस कसे असेल! मग तो दिवा लावतो आणि एंजिन वितळू नये म्हणून पंखा सोडून देतो. थंडी आणि पंखा, दोन्ही एकदम. माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला की तो असेच करतो.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिले, ते एखाद्या जुन्या शास्त्र्याने श्लोकाचा अन्वय लावावा तसे होते. त्यांनी सेन्सरवरचा दोन तारांचा कपलर काढला. किल्ली चालू ठेवून मीटरची एक टोचणी एका तारेला, दुसरी एंजिनच्या धातूला लावली: पाच व्होल्ट. “कॉम्प्युटर बोलून राहिला.” मग टोचण्या कपलरच्याच दोन्ही तारांना लावल्या: शून्य. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “अर्थ नाही मिळून राहिला.”

मी हसले. त्यांना कळेना. विजेच्या लोकांचा ‘अर्थ’ म्हणजे जमिनीकडे, परतीच्या वाटेकडे जाणारी तार. पण माझ्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते.

“आता पाहा,” म्हणून त्यांनी पाच व्होल्टची ती तार वायरच्या एका तुकड्याने क्षणभर एंजिनच्या धातूला टेकवली. पडद्यावरचे उणे चाळीस एका झटक्यात शंभराच्या कितीतरी वर गेले. तुकडा काढला, पुन्हा उणे चाळीस. बाबा वाकून पाहत होते. “म्हणजे कॉम्प्युटर शाबूत आहे,” ते हळूच म्हणाले, आणि मला जाणवले की गेले तीन आठवडे ते मनात बावीस हजारांचा भागाकार करत होते. मिस्त्रींनी बजावले, ही चाचणी या दोन तारांच्या सेन्सरलाच. तीन तारा असलेल्याच्या पाच व्होल्टला असे टेकवायचे नाही. आणि बल्बचा टेस्टर तर या तारांना कधीच नाही. तो फार वीज ओढतो, नसलेला बिघाड करून ठेवतो. वाचकांनीही हा प्रयोग दिवाळीच्या सुटीत घरी करू नये. मी केवळ साक्षीदार आहे.

तेव्हा परतीची तार तुटलेली, पण कुठे? ती आत जाऊन दुसऱ्या एका सेन्सरच्या तारेला मिळते आणि पुढे दोन्ही एकत्र कॉम्प्युटरकडे जातात. तो दुसरा सेन्सर पाय किती दाबला ते सांगणारा, आणि पडद्यावर तो अगदी बरोबर बोलत होता. म्हणजे संगमाच्या पुढची वाट चांगली. तुटली आहे ती कपलर ते संगम या हातभर अंतरात. कोणताही भाग न काढता, केवळ विचाराने, सगळ्या गाडीतली जागा हातभरावर आली.

बॅटरीची तार सोडवून त्यांनी हवेच्या फिल्टरचा डबा बाहेर काढला. खाली शेंगदाण्यांची टरफले, कापसाचे बोळे, आणि एका राखीचा लाल गोंडा. आई-बाबांच्या गल्लीत रक्षाबंधन किती थाटात झाले याचा पुरावा. त्या बिछान्याच्या उशाशी तारांचा जुडगा वळण घेत होता. त्यावरची पट्टी उकलली आणि तार दिसली. वरचे आवरण सोललेले, आत तांबे हिरवे पडलेले. सहज हलवली तर हातातच आली.

गणपतीच्या वाहनाने आमच्या वाहनावर हात साफ केला होता.

उंदराला तारेत काही चव लागते असे नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर. कुरतडून झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. पावसात बिळे भरली की एंजिनाची ऊबदार, कोरडी खोली त्याला मिळते. अमेरिकेत काही वर्षांपूर्वी लोकांनी दावे लावले, की तारांचे आवरण सोयाबीनपासून केलेले असल्याने उंदीर ते खातात. आमच्या विदर्भात सोयाबीनची शेतेच्या शेते आहेत, तेव्हा हे ऐकून मला धास्ती वाटली. पण सोयाबीनचा वास नसलेल्या जुन्या तारा, लाकूड, साबण, शिशाचे नळ हे सगळे उंदीर पूर्वीपासून कुरतडत आले आहेत. त्यात आमच्या उन्हाळ्याने भर घातलेली. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली तारांचे आवरण वर्षानुवर्षे भाजत राहते आणि मऊपणा जाऊन पापडासारखे होते. दात लागायचा अवकाश!

पण मला खरे कोडे होते ते जुलैचे. तार ऑगस्टअखेर तुटली असेल, तर जुलैपासून पेट्रोल का जास्त लागत होते? आणि दिवा का लागला नाही?

मिस्त्रींनी ती तार उजेडाला धरली. “उंदरानं जूनमध्ये खाल्ली असेल. सगळी नाही. दोन-तीन तंतू राहिले. पावसाचं पाणी लागलं, हिरवं चढलं. वीज जाऊन राहिली, पण अडखळून.” एंजिन तापून मण्याचा विरोध अडीचशे झाला, वाटेतल्या गंजाने त्यात आपले हजार मिळवले, की कॉम्प्युटरला मिळतात साडेबाराशे. त्याच्या कोष्टकात ते चाळीसच्या आसपासचे तापमान. चाळीस! हा आकडा खोटा वाटण्यासारखा नव्हे. नुकत्याच सुरू केलेल्या गाडीचा असतोच. म्हणून त्याने दिवा लावला नाही. एंजिन अजून तापायचे आहे असे धरून दोन महिने इमानाने जास्त पेट्रोल देत राहिला. आणि गॅरेजात सेन्सर बदलला तेव्हा दिवा विझला कसा? हात लागून तार हलली, तुटलेली टोके टेकली. आम्हाला वाटले, नव्या सेन्सरने गुण दिला.

“रेडिओचं तसंच,” ते म्हणाले. “तार तुटली तर आवाज बंद. लगेच समजते. अर्धी तुटली तर खरखर. अन् लोक म्हणतात, स्टेशनच खराब आहे.”

मी त्या पत्र्याच्या दुकानात उभी राहून आमच्या वर्गाचा विचार करत होते. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत आम्ही हेच तर शिकवतो. नकलकाराने ओळ गाळली तर ती कोणालाही दिसते. छंद तुटतो, वाचणारा थांबतो. पण त्याने एखादा शब्द असा बदलला, की अर्थही लागतो आणि छंदही जमतो, तर ती चूक शतकानुशतके खरी म्हणून चालते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती या अशा पाठांसाठी. त्यांनी ज्ञानदेव बदलले नाहीत. ज्ञानदेवांपासून आपल्यापर्यंतच्या वाटेत काय शिरले ते पाहिले. मी हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ग्रंथकारालाच भंगारात काढायला निघाले होते.

दुरुस्तीला वेळ लागला तो त्यांच्या चिकटपणामुळे. तुटलेली टोके पिळून वर काळी पट्टी गुंडाळणे त्यांना मान्य नाही. तांबे चकचकीत दिसेपर्यंत दोन्हीकडून तार कापत गेले. हिरवे तांबे ठेवले तर गंज आवरणाखाली सरकत जातो. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा मध्ये घेतला. आधी तारेवर नळीसारखी स्लीव्ह ओवून ठेवली (ती विसरली की सगळे पुन्हा सोडावे लागते, आणि सगळेच एकदा तरी विसरतात), मग सोल्डरचा डाख दिला, स्लीव्ह सांध्यावर सरकवून गरम केली. आतला गोंद वितळून दोन्ही तोंडांतून किंचित बाहेर आला, म्हणजे पाणी शिरायला जागा नाही. शेजारच्या तारेवरही दात लागले होते. तिचा सांधा मुद्दाम दोन बोटे अलीकडे घेतला, म्हणजे पुढेमागे आवरण फाटले तरी दोन उघड्या जागा एकमेकींना भेटणार नाहीत. शेवटी कापडी पट्टी गुंडाळून जुडगा एंजिनच्या थरथरीपासून दूर बांधला.

मी विचारले, सगळ्याच तारा अशा सांधता येतात का? तर म्हणाले, नाही. धुराच्या नळीवर जो ऑक्सिजनचा सेन्सर असतो, त्याच्या स्वतःच्या तारांना डाख द्यायचा नाही. काही सेन्सर तारेच्या आतून बाहेरची हवा घेतात, डाखाने ती वाट बुजते आणि चांगला सेन्सर गुदमरतो. तारही श्वास घेते, ही गोष्ट मी अजून कोणत्या कवीला सांगितलेली नाही.

मग गाडी सुरू केली. यंत्र बाबांच्या हातात दिले होते. पहिला आकडा आला चौतीस.

“चौतीस,” बाबा मोठ्याने म्हणाले. त्या दिवशीची हवाच तेवढी होती. मग “एकेचाळीस. अठ्ठेचाळीस.” पूर्वी रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकताना ते असेच आकडे मोठ्याने म्हणत आणि आम्हा बहिणींना गप्प बसवत. “साठ. एकोणसत्तर.” पकवानाच्या गाडीवरचा मुलगाही येऊन उभा राहिला. “अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. पंच्याण्णव.” पंखा सुरू झाला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. आकडा खाली येऊ लागला, आणि तीन आठवडे अखंड फिरणारा तो पंखा थांबला.

मिस्त्रींनी सातशे रुपये घेतले. बाबांनी वहीत लिहिले: ‘तार १. सांधे २. रु. ७००.’ गॅरेजात बसवलेल्या नव्या सेन्सरचे काय, असे मी विचारले, तर म्हणाले, “राहू द्या. त्याचा काय गुन्हा आहे?”

आता उंदरांचे. एका जपानी कंपनीने मिरचीचा तिखट अर्क घातलेली चिकटपट्टी तारांवर गुंडाळण्यासाठी काढली आहे, हे मी घरी सांगितले मात्र, आईने भिवापुरी मिरचीची पूड फडक्यात बांधून पुढे केली. मिस्त्रींनी ती नको म्हटले. हवेच्या नळीतून गाडीत शिरली तर आपणच शिंकत बसायचे. लोक तंबाखूची पाने ठेवतात, कोणी डांबराच्या गोळ्या. त्यांनी सांगितले ते अगदी साधे: गाडी आठवडाभर एकाच जागी उभी ठेवू नका, तिच्याजवळ कचऱ्याचा डबा आणि पाखरांचे दाणे नकोत, आणि दर रविवारी बोनेट उघडून हात घाला. आई पाखरांना दाणे घालते ते बरोबर गाडीच्या चाकाशी. शेंगांचा उगम सापडला. आता दाणे गच्चीवर जातात, आणि तिच्या गुडघ्यांमुळे ते न्यायचे काम माझ्याकडे आले आहे.

दसऱ्याच्या आधी टाकी भरली, तेव्हा भागाकार १५.६ आला. बाबांनी आकड्याखाली एक रेघ ओढली, जी ते सहसा ओढत नाहीत. दिवाळीनंतर रामटेकला जायचे ठरले आहे.

दसऱ्याला सकाळी झेंडूची माळ आली, हळद-कुंकू आले. भाच्याने आपला लाकडी बैल आणून चाकाशेजारी उभा केला. त्याच्या एका शिंगाची बेगड गेली होती. बाबा माळ घेऊन पुढे झाले. मी म्हटले, “बाबा, जरा थांबा,” आणि आधी बोनेट उघडले. फिल्टरच्या डब्यामागे हात घालून पाहिला. टरफले नव्हती.